पुढचं आपण बोलायचं नाही

आमच्या शेजारच्या भाऊजींनी एका इंग्रजी वाक्यावर जेवढा संसार रेटला, तेवढा कोणी दोन पगारांवरही रेटला नसेल. वाक्य होतं, ‘सो फार सो गुड’. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात ते कंट्रोल रूमला होते. शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला चार्ज देणाऱ्या कुणा साहेबाच्या तोंडून त्यांनी ते ऐकलं आणि जन्माचं उचललं. अर्थ त्यांना चोख ठाऊक होता. "आत्तापर्यंत ठीक, वहिनी. पुढचं आपण बोलायचं नाही." घराचा स्लॅब टाकून झाल्यावर त्यांनी ते मिस्त्रीला ऐकवलं, तर तो बिचारा पुन्हा वर जाऊन बघून आला. मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या व्याह्यांनाही तेच ऐकवलं. जेवणं आटोपेपर्यंत व्याह्यांचा चेहरा उतरलेलाच होता. गॅसवरच्या दुधापाशी उभं केलं, तर ताईंना, म्हणजे बायकोला, समोर बोलावून रीतसर चार्ज दिल्याशिवाय हलायचे नाहीत. "साय धरली, उकळी बाकी. सो फार सो गुड."

मग ताईंच्या पोटात गाठ निघाली. नाशिकच्या दवाखान्यात रात्री भाऊजी बसायचे, दिवसा मी. सकाळी मी गेले की चार्ज मिळायचा. "पेज चार घोट गेली, ताप नाही. सो फार सो गुड." आम्ही दोघी सुरुवातीला हसायचो. पुढे पेज घोटभरही जाईना, तेव्हा हसू आलं नाही.

एकदा ते गेल्यावर ताईंनी विचारलं, "हे जन्मभर म्हणत आलेत, त्याचा अर्थ काय गं?" मी अर्थ सांगितला. त्या पंख्याकडे बघत म्हणाल्या, "एकदा तरी पुढचं बोला म्हणावं. बरी होशील म्हणा. खोटं का होईना."

संध्याकाळी मी भाऊजींना व्हरांड्यात गाठून ते सांगितलं. "मीटरचा काटा दिसल्याबिगर कधी रीडिंग सांगितलं नाय मी, वहिनी. तिला कसं सांगू?" मला त्या माणसाचा भयंकर राग आला. तशीच घरी निघून आले.

सकाळी गेले तर ताईंच्या तोंडावर चादर ओढलेली होती. भाऊजी शेजारी स्टुलावर बसले होते. "पहाटे गेली," ते म्हणाले. मग चादरीची कड सारखी करत म्हणाले, "सांगितलं तिला. बरी होशील म्हणालो. दोनदा म्हणालो. पण लय उशिरा. ऐकलं का नाय, काय कळलं नाय."

आता कॉलनीत कोणी आजारी पडलं की भाऊजी हटकून जातात. पलंगाशी वाकून, समोरचा बहिरा असावा इतक्या मोठ्यांदा सांगतात, "लवकर बरे होणार तुम्ही!" आणि "ऐकलं ना?" असं विचारून, हो म्हटल्याशिवाय तिथून हलत नाहीत.