बेसबॉलच्या स्टँडमधली न मिटणारी खुर्ची

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता... आणि स्पष्ट सांगतो, असल्या गोष्टींना वेळही नव्हता. सांगलीहून एक बॅग घेऊन मस्कतला आलो, तिथल्या हमरिया भागात दुकान टाकलं, आता स्टेडियमच्या खुर्च्या बसवून देतो. शहराबाहेर नवीन क्रीडासंकुल झालं. फुटबॉलचं मोठं स्टेडियम मोठ्या कंपनीला गेलं आणि शेजारचं बेसबॉलचं माझ्या गळ्यात मारलं. ओमानमध्ये बेसबॉल बघणार कोण? तो राग अजून गेलेला नाही. पण मुख्य ठेकेदार म्हणाला होता, पहिल्याच तपासणीत पास झालात तर फुटबॉलच्या खुर्च्यांची देखभालही तुमची. म्हणून गप्प राहिलो.

तपासणीच्या सकाळी शेवटच्या रांगेतली एक सीट खालीच. माणूस उठला की आपोआप वर मिटणाऱ्या खुर्च्या या. ही मिटेना. आमचा फिटर इरफान, रत्नागिरीचा. त्याने स्प्रिंग काढून बघितली — ठीक. तरी नवीन घातली. मग दोघांनी मिळून सीट वर ओढली... बसलेल्या माणसासकट ओढावी, तशी जड.

इरफान हात पुसत म्हणाला, "शेट, कोणतरी बसलाय. तुम्हीच बोलत होतात ना, इथं कोण येणार?"

मी त्याला झापलं. तेवढ्यात तपासणीला येणाऱ्या इंजिनियरची गाडी दिसली. त्याला गेटवर बोलण्यात गुंतव म्हणून इरफानला पिटाळलं आणि एकटाच त्या खुर्चीसमोर उभा राहिलो. इतका थकलो होतो की शिवी द्यायचंही त्राण नव्हतं. मग जे येतं तेच केलं — घासाघीस.

"हे बघ," म्हटलं, "सही होईपर्यंत ऊठ. मग हवं तितकं बस."

हलली नाही.

"बरं... तुझी सगळी माणसं घेऊन बस. खलास?"

सीट मिटली. सावकाश, म्हातारं माणूस गुडघ्यांवर हात ठेवून उठतं तशी.

इंजिनियर रांगा फिरला, चार ठिकाणी हाताने दाबून पाहिलं, सही केली आणि यल्ला, म्हणजे चला, म्हणून निघाला. त्याला गाडीपर्यंत सोडून मी आणि इरफान हत्यारं उचलायला परत वर आलो.

अख्ख्या स्टँडच्या सीट खाली दबलेल्या होत्या. एकूण एक. वारा नव्हता, मैदानात कुणी नव्हतं. इरफानने डोक्यावरची टोपी नीट केली आणि हत्यारं तिथेच सोडून खाली उतरला. मीही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मिटलेल्या होत्या. खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीने स्प्रिंगा तपासल्या, दोष निघाला नाही. फुटबॉलचं काम मिळालं. बेसबॉलच्या बाजूला मी फिरकत नाही. आयुष्यभर भाव पाडत आलो, पण समोरच्याने न मागता एवढं पहिल्यांदाच देऊन बसलो... आणि कुणाला, ते आजही माहीत नाही.