पाण्यातलं यंत्र

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात माझ्या मेव्हण्याइतका ताप देणारा माणूस आजवर जन्मलेला नाही, हे मी शपथेवर सांगतो. हा बारामतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. किल्लारीच्या भूकंपानंतर तिकडे मदतीला जाऊन आला आणि आमच्या घरची शांतता संपली. कोयनेसारखी उद्या उजनीच्या पाण्याखालची जमीन हलली तर? म्हणून त्याला आसपास चार यंत्रं पुरायची होती. पहिला बारीक हादरा कळताच गावोगाव भोंगे वाजतील आणि माणसांना निदान दारापर्यंत पळता येईल! विचार चांगलाच होता हो, पण यंत्रं कुठं पुरायची हे ठरवायला या गृहस्थाने संगणक आणला तो माझ्या घरात. यंत्रांच्या शेकडो मांडण्या तो वाटेल तशा करायचा, वाईट निघतील त्या मारायचा, चांगल्यांच्या जोड्या लावून नवी पिढी काढायचा. "दाजी, कळपासाठी एडका निवडत्यात, तसंच हाय हे," असं वर मलाच समजवायचा. मधेच वीज गेली की "वंश बुडाला!" म्हणून बोंब ठोकायचा. व्होल्टेज पडतं म्हणून माझ्या बायकोला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीला, त्याने मिक्सर बंद करून पाट्यावर चटणी वाटायला लावली. संतापू नको तर काय करू?

आणि एवढं करून निघालं काय? यंत्रं मंजूर करणारे साहेब नकाशा बघून खो-खो हसले. सर्वांत सरस ठरलेल्या मांडणीतलं एक यंत्र थेट उजनीच्या पाण्यात! "मासे पळणार का दारापर्यंत?" साहेब म्हणाले. दुरुस्त करून आणा, नाहीतर यंत्रं विसरा.

साहेबांच्या कचेरीतून परतताना एसटीत मी त्याला चांगलाच झाडला. एवढा शिकलास, धरण दिसलं नाही तुला?

"संगणकाची चूक न्हाय, दाजी," तो खाली बघून म्हणाला. "जितं माणसं, तितं जवळ यंत्र ठेव, असं मीच सांगितलंय त्याला. गावं भरताना जुनं पळसदेव बी भरलं. हात आपसूक गेला."

जुनं पळसदेव म्हणजे या बहीणभावाचं गाव; धरणाचं पाणी चढून ते उठलं, तेव्हा हा शाळेत होता. माझा सगळा राग तिथंच विरला.

रोज शेकडो मांडण्या बेधडक मारणारा हा माणूस त्या संध्याकाळी एका नावापुढे नुसता बसून राहिला. "दाजी, तुमी पुसा," म्हणाला. मी पुसलं. थोड्या पिढ्यांतच यंत्र पाण्यातून निघून काठावरच्या डाळज गावच्या माळावर गेलं.

"आता बरुबर हाय," तो म्हणाला.

बायको पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. "आपलं घर कुठं व्हतं रं ह्यात?" तिनं विचारलं.

त्यानं संगणकाच्या काचेवर, पाण्याच्या जागी बोट ठेवलं, आणि बराच वेळ उचललं नाही.