शेवटचा बदल

आगाशीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मशीनला हात लावण्याआधी त्या विचारायच्या, "शेवटचा बदल काय केला, नि कोनी?" उत्तर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलने लिहायच्या.

माझ्या लॅपटॉपची स्क्रीन सारखी निळी पडून तो बंद होत होता. "मुलीने काहीतरी केलं असेल," मी म्हणालो आणि त्यांनी तिचं नाव विचारून लिहिलं. सकाळी तिला ओरडलोही होतो. खरं तर अजून चाचणीत असलेली नवी सिस्टीम हौसेने मीच टाकली होती आणि आदल्या दिवशी त्यात व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे एका मशीनमध्ये दुसरं मशीन चालवायची सोय, तीही मीच चालू केली होती.

बाईंनी ती सोय शोधून बंद केली. लॅपटॉप तासभर नीट चालला. एरवी त्या स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवून सगळं दाखवायच्या. त्या नव्या सिस्टीमच्या चाचणीसाठी केलेल्या नोंदणीत माझं नाव दिसलं, तेव्हा माझ्या मागे दोघं जण उभे होते. बाईंनी स्क्रीन स्वतःकडे वळवली.

मग कॅलेंडर पुढे सरकवून पेन्सिल माझ्या हातात दिली. "पोरीचा नाव तुमीच खोडा."

मी खोडलं. घरी मात्र तिला अजून सांगितलेलं नाही. परवा लॅपटॉप उघडण्याआधी तिने मला विचारलं, "बाबा, हात लावू?"