सरांनी दिलेली पाच माणसं

अंबरनाथच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवते, तिथे पालकसभेला आलेली एखादी आई सगळे पांगल्यावर हळूच विचारते, "बाई, हिच्या अंगात आहे का काही?" डॉक्टरांपुढे रिपोर्ट ठेवावेत तशी ती मुलीची वही माझ्यापुढे ठेवते. मी पानं उलटते, सरावाबद्दल चार शब्द बोलते आणि उत्तर टाळते. हाच प्रश्न मी एकदा माझ्या सरांना विचारला होता.

मी जांभूळ गावची. वडील भातशेती करून कारखान्यात कंत्राटी कामाला जायचे. आईची शाळा चौथीला सुटलेली. घरात चित्र म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. बदलापूरच्या शाळेत आठवीत असताना चित्रकलेच्या सरांनी मला ग्रेडच्या परीक्षेला बसवलं. तिच्यात पास झालं की दहावीला जादा गुण मिळतात, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार, बसथांबा, बाग असा विषय देतात आणि समोर काही नसताना चित्र काढायचं. चित्रात माणसं हवीतच.

सर पहिल्याच तासाला म्हणाले, "देवाने तुम्हाला काय दिलंय ते मला माहीत नाही. मी तुम्हाला पाच माणसं देतो."

डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्रीवाला, बाकावर बसलेली आजी, फुगा धरलेली मुलगी आणि पाठमोरा माणूस. ही पाच माणसं आम्ही वर्षभर काढली. जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर, पाटीवर, जमिनीवर खडूने. पावलं कठीण, म्हणून पावलांपुढे गवत. हाताची बोटं त्याहून कठीण, म्हणून प्रत्येकाच्या हातात पिशवी. विषय बाजार आला की पाचही जण बाजारात जायची, बाग आली की बागेत. माझी पाच माणसं इतकी पक्की झाली की डोळे मिटूनही काढता आली असती. मला वरची श्रेणी मिळाली. गावात बायका आईला म्हणू लागल्या, पोरीच्या हातात देवाचं देणं आहे. आईला ते ऐकून भरून यायचं आणि मी तिथून उठून जायची. माझ्या हातात कोणाचं देणं आहे ते मला माहीत होतं.

बारावीनंतर चित्रकलेच्या पदवीसाठी एका संस्थेत अर्ज केला. तिथे प्रवेशाआधी हाताची परीक्षा होती. एका बाईंना स्टुलावर बसवलं होतं, त्यांचं चित्र काढायचं. पाचातली बसलेली माझ्याकडे होती, त्यामुळे मला हायसं वाटलं. भराभर काढत गेले. तास संपायच्या जरा आधी परीक्षक माझ्यामागे येऊन थांबले. मग शांतपणे विचारलं, "ही पिशवी कुठून आली?"

मी समोर पाहिलं. बाईंचे दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे होते. पिशवी नव्हती. आणि त्या आजी नव्हत्या, जेमतेम पस्तिशीच्या होत्या. माझ्या कागदावर अंबाडा घातलेली, वाकलेली आजी बसली होती. तासभर मी समोर बघत होते, निदान मला तसं वाटत होतं.

यादीत नाव आलं नाही. वडील रागावले नाहीत, त्यामुळे जास्त अवघड झालं. एक वर्ष थांब, म्हणाले, पुन्हा बस परीक्षेला. नाही झालं तर मग मामांनी आणलेलं स्थळ बघू. ते जे बोलत ते करत.

त्याच आठवड्यात मी सरांकडे गेले. ते निवृत्त होऊन बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात राहत होते. काकूंनी चहा दिला. सरांनी पिशवीची गोष्ट ऐकली आणि हसले, मग माझं तोंड बघून थांबले. मी विचारलं, "सर, माझ्यात मुळात काही होतं का?"

त्यांनी कप खाली ठेवला. वर्ग मोठा असायचा, म्हणाले, आठवड्याला दोन तास, त्यातला एक तरी दुसऱ्या विषयाला जायचा. "कोणात काय आहे ते शोधत बसलो असतो तर तुम्ही सगळ्या नापास झाल्या असतात."

"पण माझ्यात, सर?"

"मी बघितलंच नाही गं," ते म्हणाले.

ते खोटं बोलले असते तर मला चाललं असतं, असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, त्यांनी मला त्यांच्या बरोबरीचं मानलं म्हणून खरं सांगितलं. त्यांच्यामुळेच मी दहावीच्या पुढे शिकले, हे मी विसरलेले नाही. पण त्या दिवशी मी पाया न पडताच निघाले.

वर्ष घरी बसून काढणं शक्य नव्हतं. उल्हासनगरला जीन्सच्या एका कारखान्यात धागे कापायचं काम मिळालं. शिवून आलेल्या पँटचे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने कापायचे. आम्ही दहा-बारा बायका जमिनीवर ओळीत बसायचो. जेवणाच्या सुट्टीत मी वही काढून समोर दिसेल त्या बाईचं चित्र काढू लागले. सुरुवातीला सगळ्यांनी मजा केली. एक म्हणाली, मोबाइल है ना, फोटो निकाल, एक मिनिट में हो जाएगा. दुसरी म्हणायची, मला जरा बारीक काढ, नवऱ्याला दाखवते. शेठ सिंधी, येता-जाता वही बघून म्हणायचे, "बेटा, मेरा मत बनाना, कागज़ कम पड़ेगा."

माझ्या शेजारी वांगणीकडच्या पाड्यावरच्या एक मावशी बसायच्या. त्यांचं चित्र मी आठवडाभर काढत होते. शेवटी धीर करून दाखवलं. त्यांनी वही लांब धरली, जवळ आणली.

"ही मी?"

"हो, मावशी."

"आगं बाय, मी अशी बसतच नाय." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "हिला पँट दिली तर ठेवंल कुठं? मांडीच नाय हिला. दुपारपर्यंत पाठ धरंल बिचारीची."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. मावशी उजवा पाय लांब पसरून बसत होत्या, पँट त्या पायावर ताणलेली, डावा गुडघा वर, आणि सगळा भार डाव्या कुल्ल्यावर. मी त्यांना बाकावर बसवल्यासारखं सरळ बसवलं होतं. पुन्हा आजीच आली होती.

त्यानंतर मी वही बंद ठेवून नुसती बघायची. कोणाचा भार कुठे आहे, कोणती बाई कोणता खांदा वर धरते. मावशी कात्रीकडे न बघता धागा कापायच्या, कापडाला कधी कात्री लागली नाही. मी त्यांना विचारलं, हे जन्मजात की शिकून? त्या म्हणाल्या, "सवय हाय, दुसरं काय." थोडा वेळ कापत राहिल्या. मग म्हणाल्या, "पन माझी जाव माझ्याच संगतीनं लागली कामाला. तिला अजून नाय जमत."

मला धीर हवा होता, तो निम्माच मिळाला. मी त्यांची जाऊ असले तर? वर्ष सरत होतं. मामा दोनदा घरी येऊन गेले. रात्रीची वही उघडली की हात आपोआप छत्रीवाल्याकडे वळायचा, तो पुसायला मला खोडरबर पुरायचं नाही.

दुसऱ्या वर्षी स्टुलावर एक वयस्क शिपाई होते. बोटं एकमेकांत गुंतवून बसले होते, डावा अंगठा वर. मी पाठीपासून सुरुवात केली, भार कुठे आहे ते आधी ठरवलं. बोटांशी येईपर्यंत अर्धा वेळ गेला होता. काढली, पुसली, पुन्हा काढली. कागद तिथे पातळ होऊन लव आली. इशाऱ्याची घंटा झाली तेव्हा डावा हात पुरा होता आणि उजव्याची दोनच बोटं होती. बाकीच्या ठिकाणी पांढरा कागद. मला काहीतरी भरता आलं असतं, दोन मिनिटं होती. मी पेन्सिल खाली ठेवली आणि मान वर केली नाही.

दुसऱ्या यादीत, शेवटून तिसरं नाव माझं होतं. त्या रिकाम्या जागेकडे परीक्षकांनी कसं पाहिलं, ते मला कधीच कळलं नाही. घरी मी मोबाइलवरची यादी वडिलांना दाखवली. त्यांनी नावावर बोट ठेवून ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुला येतं," ते म्हणाले.

आई दारात उभी होती. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती.

"प्रवेश मिळालाय," मी म्हणाले, "सोमवारी फी भरायला जायचंय."