खाली राहिलेला खटका

माझी नणंद सोराइदा शिवणकामावर जगायची, पण आमच्या किनाऱ्यावरच्या काइबारिएन गावात तिला सगळे ओळखायचे ते रेडिओवाली म्हणून. स्वयंपाकघरातच तिचा बोलायचा-ऐकायचा संच. दोन गल्ल्या पलीकडे तिचा सोडलेला नवरा एवेलिओ, त्यालाही हेच वेड. समोरासमोर दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. रेडिओवर बोलायचे, पण हवामानापलीकडे एक शब्द नाही.

त्याचा आवाज इतक्या जवळून असा दणदणीत यायचा, की तिचा संच गुदमरायचा. म्हणून बाहेरून येणाऱ्या रेडिओलहरी कमी आत घेणारा खटका तिने कायम खाली पाडून ठेवलेला. "या माणसाला जेवढं कमी आत घ्यावं तेवढं बरं," म्हणायची.

वादळ सरलं त्या दुपारी सगळ्या बोटी परतल्या, माझ्या रिगोची नाही. रिगो म्हणजे माझा नवरा, तिचा धाकटा भाऊ. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि ही बया कानाला हेडफोन लावून ढिम्म! एवेलिओ मात्र रिगोच्या बोटीवरच्या रेडिओला एकसारखा हाका मारत होता, हेडफोनबाहेर मलाही ऐकू येत.

"अगं, आवाज वाढव ना!" मी किंचाळले.

"त्यानं खरखरच वाढेल. गप्प बस."

वादळात आमच्याकडे दर तासाला तीन मिनिटं सगळे रेडिओवाले तोंड मिटून बसतात. कुणाचा क्षीण आवाज असेल तर ऐकू यावा म्हणून. तीन वाजता एवेलिओही थांबला. सोराइदा कान देऊन बसली. काहीच नाही. एवेलिओ पुन्हा सुरू झाला, तेव्हा तिची नजर खटक्यावर गेली आणि ती पांढरीफटक पडली.

"मेले मी! हा खालीच राहिला गं. लांबचा क्षीण आवाज यातून येतच नाही."

मी तिचा गळाच धरणार होते. पुढच्या शांततेपर्यंत रिगोच्या रेडिओची बॅटरी टिकेल कशावरून? तिने माइक ओढला.

"एवेलिओ, चुकले मी. माझा खटका खाली होता. मी सांगेपर्यंत गप्प राहशील?"

"गप्प राहायला तूच तर शिकवलंस," तो म्हणाला, आणि थांबला.

तिने खटका वर केला. नुसती सळसळ. मग तिने हेडफोन कानावर दाबला आणि शिवणाच्या खडूने टेबलावर लिहिलं: फ्रागोसो बेट, इंजिन बंद. माझा रिगो बोलत होता!

बंदरापर्यंत पोचेल असा एरियल एवेलिओचाच. तिने त्याला ठिकाण सांगितलं. खटका वर, त्यामुळे तो बोलला तशी ती कानठळ्या बसून कळवळली. हात खटक्याकडे गेला, पण तिने तो मागे घेतला. मध्येच रिगो बोलला तर? एवेलिओ बंदराशी बोलत राहिला आणि ती डोळ्यांतून पाणी गाळत सगळं ऐकत राहिली.

संध्याकाळी रिगोला आणलं. ओठ फुटलेले, अंगावर मीठ. मी त्याला मिठी मारून रडले, चार शिव्याही हासडल्या. माझ्या खांद्यावरून तो बहिणीला म्हणाला, "किती हाका मारल्या गं तुला! होतीस कुठं?"

"इथंच होते," सोराइदा म्हणाली. "एवेलिओशी भांडत होते."