घडीचं कॅरेट

फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार, सकाळी साडेअकरा. रक्कम रुपये नऊ हजार. हजर: चेअरमन, सचिव, पाच संचालक आणि मी. जागा, चौसाळ्याच्या अलीकडे हायवेला लागून असलेलं आमच्या फळ उत्पादकांच्या सहकारी संस्थेचं गोदाम. हे पैसे मला फळं न्यायची, रिकामी झाल्यावर घडी होणारी चाळीस प्लास्टिकची कॅरेट बनवायला मिळाले. त्यात फक्त कच्चा माल बसत होता, मजुरी शून्य. अट चेअरमननी तोंडी घातली आणि मी ती सचिवाला लिहून घ्यायला लावली. सीताफळाचा हंगाम नीट पार पडला तर पुढची चारशे कॅरेट माझ्याकडून. नाहीतर नऊ हजार परत.

चेअरमन म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. मला ते तेव्हा आवडत नव्हते, आजही आवडत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं. एकवीस वर्षं मी प्लास्टिकच्या कारखान्यात साचे करण्यात काढली. कारखाना बंद पडल्यावर बायकोच्या वाट्याला आलेल्या जागेवर घर बांधून तिच्या गावी आलो. सहा वर्षं झाली तरी गाव मला ‘पावणं’च म्हणत होतं. चेअरमन ‘दाजी’ म्हणायचे, पण असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला ‘घरजावई’ ऐकू यावं.

पाऊस सलग दोन वर्षं रुसलेला. मोसंबीच्या बागा लोकांनी तोडून चुलीत घातल्या होत्या. राहिली होती ती डोंगरउतारावरची सीताफळं; त्या झाडाला पाणी मागायची सवयच नसते. हंगामात संस्थेचा टेम्पो आठवड्यातून तीनदा पुण्याला जायचा. जाताना दीडशे भरलेली कॅरेट, येताना दीडशे रिकामी. रिकामं कॅरेट भरलेल्याइतकीच जागा खातं. म्हणजे पुण्यापासून इथपर्यंत आम्ही भाडं भरून हवा आणत होतो. वाटेत कालव्याच्या पट्ट्यात हिरवा चारा विकत मिळायचा आणि तो टाकायला टेम्पोत जागा नसायची. इकडे जनावरं कोरडं पाचट चघळत होती. कॅरेटची घडी झाली असती तर त्याच टेम्पोत, त्याच डिझेलमध्ये चारा आला असता. माझं म्हणणं एवढंच होतं.

जुनं कॅरेट तीनशे मिलिमीटर उंच होतं. खोल कॅरेटात खालचं सीताफळ वरच्यांच्या ओझ्यानं दबतं, म्हणून मी उंची दोनशे वीसवर आणली. घडी केल्यावर पासष्ट; जुन्या एका कॅरेटच्या जागेत माझी चार. आधी पुठ्ठ्याचा नमुना केला, बिजागरीच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. घडीच्या भिंतीचं दुखणं एकच असतं. ती शेजारच्या भिंतीशी जोडलेली नसते, नुसती अडकवलेली असते, आणि आतून रेटा आला की मधोमध तिचं पोट सुटतं. म्हणून लांब भिंतींना सात-सात उभ्या फासळ्या दिल्या आणि काठाला सगळीकडून आडवी पट्टी. एकावर एक रचताना वरच्याचे चार पाय खालच्याच्या चार कोपऱ्यांवर बसायचे. ते बसले की सगळा भार भिंतींतून जमिनीत जातो, फळाला त्याचा पत्ताही लागत नाही. साच्याला लाखो रुपये लागतात, ते कुणाकडेच नव्हते. मी शीट कापून, गरम हवेच्या गननं पट्ट्या चिकटवत एकेक कॅरेट हातानं केलं. एकाला पावणेचार तास लागायचे.

चेअरमन एकदा बघायला आले. चहा पिऊन झाल्यावर बोटानं फासळ्या मोजल्या.

“दाजी, सात कावून? पाच लावा की. दोन फासळ्यांचं प्लास्टिक वाचंल.”

“पाच लावल्या तर पोट सुटेल.”

“पोट तर आमच्या समद्या संचालकांचं सुटलंय. कुणाचं काय अडलं?”

मी सातच ठेवल्या.

जूनमध्ये गोदामात चाचणी झाली. कॅरेटात सपाट भरून चौदा किलो फळ, कॅरेटचं स्वतःचं वजन दोन किलो दोनशे. सहाची थप्पी लावली तर सगळ्यांत खालच्यावर पाच भरलेली, म्हणजे एक्क्याऐंशी किलो. मी दुप्पट धरलं, एकशे बासष्ट. कॅरेटवर फळी टाकली आणि चेअरमनना व सचिवाला त्यावर उभं केलं. शहाण्णव अधिक अडुसष्ट, एकशे चौसष्ट.

“मोडलं तर पाय माजा, पैसे तुमचे,” चेअरमन वरून म्हणाले. सगळे हसले.

भिंत दोन मिलिमीटर हलली. मी पट्टी लावून मोजलं. चेअरमन खाली उतरले आणि “बरं हाय” म्हणाले. त्यांच्याकडून मला मिळालेली शाबासकी एवढीच.

ऑक्टोबरात माझी चाळीस कॅरेट पहिल्यांदा टेम्पोला लागली. त्यांतली बरीचशी चेअरमनच्या बागेकडे गेली. सहा गेली लिंबागणेशच्या बाजूच्या एका म्हाताऱ्याकडे. धनगराचं घर, वीस-बावीस शेळ्या आणि उतारावर तेवढीच सीताफळाची झाडं. त्या हंगामात त्याच्या घरी येणारा रोख पैसा म्हणजे ही सहा कॅरेट. गोदामासमोर उकिडवा बसून तो स्वतः फळं लावत होता, बोटानं फिरवून, डोळे वर येतील अशी. आणि प्रत्येक कॅरेट काठापर्यंत भरल्यावर वर आणखी फळं चढवत होता.

माप भरून वर ढीग चढतो ती शीग. आमच्या भागात धान्य असो, फळ असो, देणारा शीग लावूनच देतो. संस्थेची पावती चौदा किलोचीच फाटायची, शीग फुकट. जुन्या खोल कॅरेटात ती काठाच्या आत राहायची, म्हणून कधी कुणाच्या लक्षात आली नव्हती.

“बाबा, सपाट भरा,” मी म्हणालो.

“सपाट?” त्यानं वर पाहिलं. “पावणं, घ्यायला शीग अन् द्यायला सपाट, ते सावकाराचं माप. आमच्यात कुणी दिलेलं न्हाई.”

चेअरमन खुर्ची टाकून बसले होते. “भरू द्या वो दाजी. की तुमची कॅरेट नाजूक हायेत?” हमाल हसले.

मला राग आला. रागात मी तेच केलं जे मला येतं: आकडे मांडले. म्हाताऱ्याचं एक कॅरेट काट्यावर ठेवलं. कॅरेट वजा जाता सोळा किलो भरलं. पाच भरलेली वर, म्हणजे एक्क्याण्णव. माझी हद्द एकशे बासष्ट. “भरा बिनघोर,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो आणि घरी जेवायला गेलो.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या आडत्याचा फोन आला. थप्प्यांच्या खालच्या थरांतल्या सतरा कॅरेटांतलं फळ चेंगरलं होतं. त्याचा एक रुपया मिळणार नव्हता. त्यात चेअरमनची अकरा, म्हाताऱ्याची सहाच्या सहा.

रिकामी कॅरेट परत आल्यावर मी चाळीसही उघडून पाहिली. एकाही फासळीला चीर नव्हती. एकाही भिंतीचं पोट सुटलेलं नव्हतं. मग मी ती उलटी केली. तळाला बाहेरच्या बाजूनं वाळलेला गर आणि काळ्या बिया चिकटलेल्या होत्या. पाय कोपऱ्यांवर बसलेच नव्हते. वरचं कॅरेट खालच्याच्या शिगेवर बसलं होतं. तोडताना सीताफळ टणक असतं, हमालांनी वरून दाबून थप्पी लावली, आणि वाटेत फळ नरम पडत गेलं. मी किलो मोजले होते. शीग काठाच्या किती वर येते ते मोजलं नव्हतं. दोन बोटं येत होती.

शनिवारी मीटिंग झाली. हजर तेच आठ, आणि दाराशी म्हातारा. मी एक कॅरेट टेबलावर उलटं ठेवलं आणि पाहिलेलं सांगितलं.

“म्हंजे कॅरेट मोडलं न्हाई?” चेअरमननी विचारलं.

“नाही.”

“शिगेनं फळ मेलं?”

“हो.”

ते खुर्चीतच दाराकडे वळले. “ऐकलं का म्हातारबा? तुमीच शीग लावली. आता तुमीच भोगा. संस्था काय करणार?”

“शीग तर समद्यांनीच लावली की,” म्हातारा म्हणाला.

“तुमच्या अकरा कॅरेटांनाही शीग होती,” मी म्हणालो.

“आमची गड्यांनी भरली.”

त्या क्षणी मला हिशेब स्पष्ट दिसला. कॅरेट निर्दोष ठरलं तर अट माझ्या बाजूनं होती. नऊ हजार माझे, कदाचित चारशेचं कामही माझं. मात्र दोष मग भरणाऱ्या हातावर जाणार होता, आणि त्या खोलीत तो हात एकाचाच होता. शिवाय ते खरंही नव्हतं. जिथं शीग लावल्याशिवाय कुणी माप देत नाही, तिथं सपाट भरायचं कॅरेट मी काढलं होतं. आणि ‘भरा बिनघोर’ हे शब्द माझे होते.

“लिहून घ्या,” मी सचिवाला म्हणालो. “चूक कॅरेटच्या उंचीची. दोनशे साठ लागत होती, मी दोनशे वीस ठेवली.”

चेअरमनना हे फार गोड लागलं. “मग भरा नऊ हजार. त्यातून नुकसान देऊ. इंजिनेर घरात असून काय उपेग बे!” शेवटचा शब्द त्यांनी शेजारच्या संचालकाकडे तोंड करून म्हटला, पण हसून बघितलं माझ्याकडे. मी दोनशे साठचं नवं चित्र पुढं केलं. ते कुणी उलगडलं नाही. संस्थेनं त्या महिन्यात जुन्याच जातीची दोनशे कॅरेट घेतली. टेम्पो हवा आणत राहिला. बायको भावाकडे भाऊबीजेला गेली, मी गेलो नाही.

नऊ हजार मी सोमवारी भरले, पावती घेतली. बाजारभाव तीस रुपये किलो. त्यातून आधी चेअरमनच्या अकरा कॅरेटांची भरपाई निघाली: एकशे चौपन्न किलो, चार हजार सहाशे वीस. म्हाताऱ्याचा विषय पुढच्या मीटिंगला ठेवला. पुढच्या मीटिंगच्या विषयांत तो नव्हता.

मग मी स्वतः लिंबागणेशकडे गेलो. पावतीप्रमाणे सहा कॅरेट, चौऱ्याऐंशी किलो, दोन हजार पाचशे वीस. मी सोळा किलोनं धरलं. शहाण्णव किलो, दोन हजार आठशे ऐंशी रुपये म्हाताऱ्याच्या हातात दिले.