बापावर गेलेलं अंग

सुकडीची पोती मी तोलून घेतली नाहीत. चूक माझी. शिक्षा कौसल्याबाईला झाली, आणि ती मीच दिली.

बहात्तरच्या दुष्काळात जऊळक्याजवळ खडी फोडण्याचं सरकारी काम निघालं. मी तिथे हजेरी कारकून होतो. दुपारी मजुरांना सुकडी, म्हणजे गूळ घालून भाजलेलं पीठ, वाटायची. महिन्याभरात सगळ्यांची हाडं वर आली. कौसल्याबाईचे दंड मात्र भरलेलेच, पोट सुटलेलंच. घण असा घाली की ठिकऱ्या शेजारणींच्या कपाळावर उडत. कुणी ‘हत्तीण’ म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, “म्हण बाप्पा, पण सोंडीत सापडू नको.”

मी एकदा विचारलं, काय खातेस? म्हणाली, “मी खाऊन नाही जाडी, बाबू. बापावर गेली मी.” सगळ्या हसल्या. मीही हसलो. विश्वास ठेवला नाही.

एक दिवस निम्म्या रांगेतच सुकडी संपली. उपाशी माणसं धावून आली. एकाने माझी गचांडी धरली. मी घाबरलो आणि कौसल्याबाईकडे बोट दाखवलं, “तिच्या अंगाकडे पाहा! मला काय विचारता?”

बायांनी तिला केस धरून खडीवर पाडलं. लुगडं फाटलं, तोंड रक्ताने भरलं. “काहून मारून राह्यल्या वं? घरी चालून पाहा माह्या!” ती उठू लागली तेव्हा घणाचा दांडा मी उचलला आणि तिच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. तिचं नाव मी हजेरीतून कापलं.

संध्याकाळी चोरी शोधायला तिच्या घरी गेलो. बाप आणि धाकटी बहीण तिच्यासारखीच जाड, माय आणि भाऊ काडीसारखे. मध्ये अंबाडीची भाजी आणि एकच भाकर. मी डबे उपडे केले. पिठाचा कण नव्हता. बाप म्हणाला, “माही मायबी अशीच होती, बाबू. उपाशी मेली, तरी तिरडीले सहा जण लागले.”

एकाच चुलीवर, एकाच भुकेत दोघांचं अंग आटलं होतं, तिघांचं नाही. रक्तातून आलेलं अंग मी चोरीचा पुरावा ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी नवी पोती तोलली. सगळी मुळातच हलकी आलेली. मी गप्प राहिलो.

पाच वर्षांनी ती शेलूबाजारच्या बाजारात वांगी विकताना दिसली. मनगट वाकडं. शेजारची बाई गिऱ्हाइकाला सांगत होती, “वजन पाहून घेजा, सुकडीचोर हाय थे.” मी कौसल्याबाईपुढे बसलो. हळूच म्हणालो, “बाई, चुकलो.”

तिने लोखंडी माप माझ्या छातीवर फेकून मारलं. “साऱ्याइपुढं चोर म्हणलं, अन् माफी कानात मागतं? ऊठ!”

मी उठलो. भर बाजारात ओरडलो, “ही बाई चोर नाही! खोटं मी बोललो. हिचा हात मी मोडला. कौसल्याबाई, मला माफ करा.”